तीन मिनिटं हात वर

आधीच सांगून टाकते: त्या तपासणीत मी पास झाले, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

तपासणी काही फार मोठी नव्हती. स्टुलावर ताठ बसायचं, दोन्ही हात खांद्याएवढे वर उचलायचे, कोपरात वाकवून पंजे वर करायचे आणि मुठी मिटायच्या-उघडायच्या. तीन मिनिटं. चिंचवडचे ते हाडांचे डॉक्टर मोबाइलवर वेळ लावून समोर उभे राहिले आणि म्हणाले, त्रास झाला की हात खाली घ्या. हे शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही म्हणा ना. मी चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर आठ वर्षं काढलेली बाई. कुणी घड्याळ घेऊन समोर उभं राहिलं की मला एकच कळतं, वेळेत करून दाखवायचं. पहिल्या मिनिटाला करंगळी बधिर झाली. दुसऱ्याला अख्खा उजवा हात जड पडला, खांद्यापासून बोटांपर्यंत मुंग्या, डोळ्यांत पाणी. मी दात आवळले, भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे नजर लावली आणि मुठी चालू ठेवल्या. मोबाइल वाजला तेव्हा इतका आनंद झाला की मी चक्क हसले. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं की तसं काही दिसत नाही, आणि मी फुशारकीनं घरी आले. आपण दुखणं शोधायला गेलो होतो, हे डोक्यातून साफ निघून गेलं होतं.

आता हे खूळ कुठून आलं ते सांगते. आमच्या लाइनवर उभे बोर्ड असतात, एकामागोमाग सरकत येणारे. बोर्डावर गाडीच्या सगळ्या वायरींचा नकाशा काढलेला आणि त्यावर खुंट्या. वायरींचा जुडगा घ्यायचा, खुंट्यांमधून फिरवायचा, टोकं जागच्या जागी बसवायची, टेप मारायची, तोवर पुढचा बोर्ड समोर हजर. बोर्डाची वरची रांग माझ्या डोक्याच्याही वर जाते. ज्यानं कुणी ते बोर्ड बसवले तो चांगला उंच असणार, आणि काम करणाऱ्या आम्ही सगळ्या पाच फुटांच्या आतबाहेर. वरच्या रांगेला बाकीच्या टाळायच्या, म्हणून मी ती मागून घेतली होती. माझे हात एकदा चालायला लागले की बघणारा थांबायचा. बाहेरून पाहुणे आले की साहेब त्यांना मुद्दाम माझ्या बोर्डापाशी आणायचे. तेव्हा मी काय भाव खायचे, विचारू नका. घरी आल्यावर नवऱ्याला पुन्हा सगळं करून दाखवायचे, कपाटाच्या दारावर, नुसत्या हातांनी.

आणि दुसरी गोष्ट. कंपनीत दरवर्षी डॉक्टर येतात. डोळे, वजन, रक्तदाब, वाकून दाखवा, हात वर करा. त्या दिवशी लाइनवरची एकही बाई आजारी नसते. ही कंत्राटावर असतानाची सवय. कागदावर ‘अनफिट’ पडलं की कंत्राटदाराचा फोन यायचा बंद होतो, हे आम्हाला न शिकवता कळलेलं. एकीनं तर अंगात ताप असताना बर्फाचं पाणी तोंडात धरून मग थर्मामीटर लावून घेतलं होतं आणि आम्ही तिचं कौतुक केलं होतं. मी पुढं पर्मनंट झाले, पण डॉक्टर दिसला की धडधाकट दिसायचं, हे काही अंगातून गेलं नाही.

हात दुखायला लागून तेव्हा दोन वर्षं होत आली होती. सुरुवात करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटापासून झाली. वेणी घालताना हात मधेच खाली घ्यावा लागायचा. बसमध्ये वरचा दांडा धरला की तळहात पांढरा पडायचा. लाइनवर मी युक्त्या काढल्या होत्या: वरच्या खुंट्या डाव्या हातानं उरकायच्या, दोन बोर्डांच्या मधे पाणी प्यायच्या निमित्तानं हात झटकून यायचं. कुणाला पत्ता लागू दिला नाही, आणि त्याचाही मला अभिमान. एका डॉक्टरांनी मनगटाची शीर दबलीय म्हणून पट्टा दिला. दुसऱ्यांनी मानेचा मणका म्हणून कॉलर दिली. सासूबाई मूळ बीडच्या, त्यांचं म्हणणं शीर चढलीय, इथं जवळ कुरुळी गावात एक जण उतरवून देतो. त्यानं खांदा असा काही रगडला की दोन दिवस मला चमचा धरता येईना. तिसरे हे चिंचवडचे डॉक्टर. नेमक्या जागेवर पोचलेला एकच माणूस, आणि त्याला मी फसवलं.

हे पकडलं माझ्या नवऱ्यानं. तो गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, बोलायला कमी, पण नजर भारी. एका रविवारी मी गॅलरीत चादरी वाळत घालत होते. त्यानं खुर्चीतून बघितलं की मी एक चादर टाकली की हात खाली सोडते, बोटं चोळते, मग दुसरी उचलते. उठून आला, माझा पंजा हातात घेतला. गार पडला होता. म्हणाला, डॉक्टरनं नेमकं काय केलं होतं ते सांग. मी सांगितलं, तीन मिनिटं कशी रेटून काढली ते अगदी रंगवून सांगितलं. 

“अगं, तू डॉक्टरलासुद्धा टार्गेट काढून दाखवलंस?”

मग तो जो हसायला लागला, तो खालीच बसला. मला आधी राग आला, मग माझंच मला हसू आवरेना. हसता हसता एकदम लक्षात आलं की सहा महिने आपण कुठल्या तरी भलत्याच गोळ्या खात होतो. त्यानं मला तिथंच स्वयंपाकघरात बसवलं, मोबाइलवर वेळ लावली आणि दम भरला की या वेळी खरं सांगायचं. एक मिनिटसुद्धा झालं नाही. माझा उजवा हात आपोआप खाली आला. आम्ही दोघं लॉटरी लागल्यासारखे एकमेकांकडं बघत होतो. दुखण्याचा कुणाला इतका आनंद झालेला मी तरी पाहिला नाही.

दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या पाळीला दांडी मारून मी चिंचवड गाठलं. बसमध्ये जीव थाऱ्यावर नव्हता. आत गेल्या गेल्या सांगून टाकलं, डॉक्टर, मागच्या वेळी मी खोटं वागले, परत घ्या परीक्षा. ते आधी गोंधळले, मग त्यांनीही कपाळावर हात मारला. पुन्हा स्टूल, पुन्हा हात वर. कळ आली आणि मी हात खाली सोडला. सांगते, वेळ संपायच्या आधी हात खाली सोडणं ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ, आणि मला चोरी केल्यासारखं वाटलं. त्यांनी लगेच मानेचा एक्स-रे काढायला लावला. त्यात दिसली ती. मानेच्या तळाशी, उजव्या बाजूला, छोटीशी, वाकडी. जास्तीची बरगडी. जन्मापासूनची. आणि दुखण्याला नाव मिळालं: थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. मी ते नाव बसमध्ये घोकत आले.

पुढचे दोन दिवस मी तो एक्स-रे सोसायटीत सगळ्यांना दाखवत फिरले. खिडकीच्या उजेडात धरायचा आणि बोट ठेवायचं, ही बघा. शेजारची म्हणाली, असलं काही लोकांना दाखवतात होय. मला काय त्याचं. दोन वर्षं मनगट, मणका, चढलेली शीर, ‘तुम्ही टेन्शन घेता’, सगळं ऐकून झालं होतं. आता माझ्याकडं पुरावा होता.

चिंचवडच्या डॉक्टरांनी पिंपरीतल्या एका सर्जन बाईंकडं पाठवलं. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. मान आणि काख यांच्यामधे एक अरुंद बोळ आहे, त्यातून हाताच्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात. माझ्या बोळात ही बरगडी कुणीतरी आडवा टेम्पो लावून गेल्यासारखी उभी. हात वर केला की बोळ आणखी चेपतो. रस्ते दोन, त्या म्हणाल्या. एक, निदान तीन महिने मनापासून फिजिओथेरपी, आणि तोवर खांद्याच्या वर हात घेऊन काम बंद. दुसरा, ऑपरेशन करून बरगडी काढायची. शेजारी फुप्फुस, मोठी रक्तवाहिनी आणि त्याच नसा, म्हणजे जपून करायचं काम. बऱ्याच जणांना चांगला फरक पडतो, सगळ्यांचंच दुखणं साफ जातं असं मात्र त्यांनी छातीठोक सांगितलं नाही. मग माझा तळहात उलटा-सुलटा केला आणि अंगठ्याच्या बुडाशी असतो ना मांसल उंचवटा, तो दाबून बघितला. म्हणाल्या, हा अजून भरलेला आहे, म्हणून मी आधी व्यायाम सांगते. हा बसायला लागला तर मात्र थांबायचं नाही, कारण एकदा गेलेलं मांस सहसा परत भरत नाही.

मी म्हणाले, मॅडम, ऑपरेशनच करा. त्या हसल्या. इतक्या उत्साहानं ऑपरेशन मागणारा पेशंट त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटला होता. विचार करून या म्हणाल्या.

मी काय विचार करणार. माझं ठरलं होतं. जादा पार्ट आहे, काढून टाका, विषय संपला. घरी नवऱ्याशी चार दिवस वाद घातला. तो म्हणे, सर्जनच थांब म्हणतेय आणि तुला कसली घाई. मी त्याला किती कारणं दिली. तीन महिने कोण मान हलवत बसणार, एकदाच काय ते होऊन जाऊ दे, ऑपरेशनची रजा मिळते. सगळी कारणं खरी होती आणि त्यातलं एकही खरं कारण नव्हतं. खरं हे होतं की व्यायामाचा रस्ता धरला तर साहेबांसमोर उभं राहून सांगावं लागणार होतं की मला वरची रांग जमत नाही. ऑपरेशनचं तसं नाही. ऑपरेशन झालेल्या बाईकडं लोक आदरानं बघतात. रजा संपवून मी परत येणार, थेट वरच्या रांगेला. एवढं एक वाक्य बोलायला लागू नये म्हणून मी फुप्फुसाशेजारी कापून घ्यायला तयार होते. असली मी.

त्याच आठवड्यात पौर्णिमा आली. माझी आई सांगवीत भावाकडं असते. पौर्णिमेला आम्ही तिच्याकडं वंदनेला जमतो. आईनं पांढरी साडी नेसली होती, बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली आणि हात जोडले. मी शेजारीच बसले होते. डोळे मिटायचे सोडून माझं लक्ष तिच्या हातांकडं गेलं. जोडलेल्या तळव्यांमधे, उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, फट होती. तिथून मेणबत्तीचा उजेड दिसत होता.

वंदना संपेपर्यंत मी कशी बसले, माझं मला माहीत. संपल्याबरोबर तिचा हात ओढून घेतला. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा नव्हताच. तिथं खळगा होता. मी तिला विचारलं, हे कधीपासून. ती म्हणाली, वय झालं, हात वाळतातच. मी म्हटलं डावा का नाही वाळला. मग हळूहळू एकेक निघालं. आई पिंपरीत औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती, भरलेले खोके डोक्यावरच्या फळीवर चढवायचं काम. मी दहावीत असतानाच तिच्या बोटांना मुंग्या यायच्या. कप हातातून पडायला लागले तेव्हा तिनं स्टीलचे आणले. कुलूप डाव्या हातानं उघडायला लागली. आम्हाला वाटायचं आई डावखुरी आहे. इतकी वर्षं एका घरात राहून वाटायचं.

“कंपनीत कुणाला बोलली नाहीस?”

“सांगून काय पोरी, काढून टाकलं असतं.”

इतक्या सहज म्हणाली आणि खीर वाढायला उठली.  वरच्या रांगेचा, पाहुण्यांसमोर चालणाऱ्या हातांचा, लपवलेल्या मुंग्यांचा जो काही अभिमान होता, तो सगळा माझ्या आईच्या तळहातावर त्या खळग्यात दिसत होता. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. आणि भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी. लाइन सुरू व्हायच्या आधी सगळ्या उभ्या राहतात, साहेब दिवसाचं काम सांगतात आणि शेवटी विचारतात, कुणाला काही अडचण. आठ वर्षांत या प्रश्नाला मी कुणाचं उत्तर ऐकलेलं नव्हतं.  मी एक पाऊल पुढं आले.

“साहेब, माझा हात वर होत नाही. दोन वर्षं झाली. मी लपवलं.”

आवाज नको तितका मोठा निघाला.  साहेब माझ्याहून जास्त अवघडले. डॉक्टरांची चिठ्ठी आहे का म्हणाले, मी खिशातून काढून दिली. दुपारपर्यंत मला तपासणीच्या टेबलावर बसवलं, तयार वायरिंगला दिवे लावून बघायचं काम, हात कमरेच्या उंचीला. आणि ऐका, संध्याकाळच्या आत वरच्या रांगेपुढं एक लाकडी पाट आला, चांगला वीतभर उंच. आठ वर्षं स्टोअरमध्ये पडून होता. कुणी मागितलाच नव्हता. माझ्या जागेवर आलेली मुलगी त्या पाटावर उभी राहून काम करत होती आणि हात तिच्या कपाळाच्या वर जात नव्हते. मी टेबलावरून बघत होते. तिचा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू.

फिजिओथेरपीची वेगळीच गंमत. हनुवटी आत, खांदे मागं, पोटानं श्वास, दारात उभं राहून छाती ताणायची, हात बाजूला काढून मान हळूच कलती करायची. दहा वेळा सांगितलं तर मी वीस वेळा करून जायचे आणि दुसऱ्या दिवशी हात सुजवून यायचे. तिथली मुलगी माझ्यापेक्षा लहान, पण तिनं मला झापलं. दहा म्हणजे दहाच, इथं जास्तीचं काम केल्याचं कौतुक नाही. हे वाक्य पचायला मला दोन आठवडे लागले. मग एका सकाळी वेणी घालायला बसले, आणि वरून खालपर्यंत घातली. मधे एकदाही हात खाली आला नाही. रबर लावल्यावर लक्षात आलं. मी अशी ओरडले की नवरा गॅसवरचं दूध सोडून धावत आला. दूध उतू गेलं, सासूबाईंनी दोघांनाही फैलावर घेतलं, आणि मी वेणी सोडून त्यांच्यासमोर पुन्हा घातली.

ऑपरेशन अजून बाद झालेलं नाही. सर्जन बाईंनी आणखी तीन महिने दिलेत. बोटं कधीकधी अजून झिणझिणतात. फरक थांबला किंवा अंगठ्याचं बूड बसायला लागलं तर मी ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार, त्यात माझं काही दुमत नाही. फक्त तेव्हा ते हातासाठी असेल, एका वाक्यातून सुटण्यासाठी नसेल. रोज सकाळी खिडकीशी जाऊन दोन्ही तळहात शेजारी शेजारी धरते आणि दाबून बघते. भरलेले आहेत अजून.

राहिली आई. ती यायला तयार नव्हती. आता या वयात काय बघायचंय, म्हणायची. भावानं समजावलं, मी भांडले, शेवटी गेल्या महिन्यात आली. दवाखान्यासाठी इस्त्रीची साडी, केसांना तेल, बांगड्या. धडधाकट दिसायचं होतं तिला. सर्जन बाईंनी तिचा तळहात बराच वेळ धरून ठेवला आणि स्पष्ट सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, पण दुखणं कमी करता येईल, उरलेलं राखता येईल. मग तिला स्टुलावर बसवलं, हात कसे वर घ्यायचे ते दाखवलं आणि म्हणाल्या, आजी, त्रास झाला की लगेच खाली घ्यायचे.

आईनं हात वर केले. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. पाच-सहा वेळा मूठ मिटली, मग उजवी बोटं पांढरी पडली आणि मिटेनाशी झाली. हात थरथरायला लागला. आई समोर भिंतीकडं बघत होती, जबडा आवळलेला, डोळ्यांत पाणी. तो चेहरा आतून कसा असतो, ते मला पुरतं माहीत होतं. मी काही बोलणार तोच तिनं हात तसेच वर ठेवून मान तेवढी डॉक्टर बाईंकडं वळवली आणि खालच्या आवाजात विचारलं,

“मॅडम, खाली घेऊ का?”

डॉक्टर म्हणाल्या, आजी, केव्हाच घ्यायचे होते. तरी तिचे हात वरच. तिनं माझ्याकडं बघितलं. मी उठले, तिचा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि खाली घेतला.